खोलून बघूया

रेवसपासून मुरुडपर्यंत किनाऱ्यावरच्या कुठल्याही वाडीत शिरा. पोफळीच्या बागेच्या कडेला जॅकवर चढवलेली एक गाडी असते आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. ज्याचे पाय, त्याला गाव आप्पा म्हणतं. गावागणिक नाव बदलेल, पाय तेच. पूर्वी त्या पायांवर मिनीडोर रिक्षा असायची, हल्ली जुनी इलेक्ट्रिक व्हॅन असते.

आमच्या आप्पांची सगळी नोकरी कारखान्यात पंप उघडण्यात गेली. निवृत्तीनंतर उघडायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी ही व्हॅन घेतली. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं, एका चार्जिंगला शंभर किलोमीटर. तेव्हा जात असेलही. आता अलिबागहून रेवदंड्याला जाऊन परत येते. पण वारा समोरून नको आणि प्रवासी जाड नकोत. कंपनीने मॉडेल बंद केलंय आणि वर्कशॉप पनवेलच्या पलीकडे. म्हणजे व्हॅन वर्कशॉपला न्यायची तर आधी दुरुस्त करायला हवी. आप्पांना हे फार आवडलं.

"चालतेय ना आप्पा, मग कशाला हात लावताय?" असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर एकच, "आवाज येतोय. खोलून बघूया."

आवाज येतो हे खरंच. ही असली व्हॅन मुळात पेट्रोल-डिझेलच्या सांगाड्यावर बेतलेली. इंजिन गेलं आणि तळाशी बॅटऱ्यांचा ढीग आला. गाडी रिकामी असली तरी ते वजन उतरत नाही, मागचे पाटे रात्रंदिवस ओझ्याखाली. त्यात आमची खारी हवा: बुश सुकतात, यू-बोल्टना गंज चढतो आणि वडखळ रस्त्यावरचा एखादा खड्डा उरलेलं काम पुरं करतो. पाटा तुटला तेव्हा आप्पांनी भंगारातून टेम्पोचे पाटे आणले. ते जाड निघाले. "मजबूत आहेत," म्हणत तुटलेल्या एकाच्या जागी त्यांनी दोन घातले.

व्हॅनची मागची बाजू वर गेली, पुढचे दिवे रस्ता सोडून चाकापुढचे खडे मोजू लागले आणि स्प्रिंग नावापुरती राहिली. सकाळी बाजाराला निघालेली कोळीण मागे बसली. तिने उतरल्यावर पाटी आपटून सांगितलं, "बाबा, तुजे गारीत बसून मेलेली पापलेटा जित्ती झाली रं!" आप्पांनी ही सस्पेन्शनची तारीफ समजून घेतली.

तुटलेला पाटा मात्र वाया जात नाही. पाट्याचं पोलाद चिवट, धार धरणारं; लोहार त्याचे झकास कोयते करून देतो. आप्पांच्या घरी नारळ सोलायला एक, शहाळी तासायला एक, कुंपण साळायला एक असे कोयते होत गेले. गाडी आतून कमी होतेय आणि भिंतीवरचे कोयते वाढतायत, हे काकूंच्या लक्षात कधीच आलंय. त्या बोलत नाहीत, कारण कोयते चांगले आहेत.

मोटर हा आप्पांचा देव्हारा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटतात. ही युक्ती जुनी आणि बरोबर आहे, बेअरिंग खरखरतंय की गिअर, ते यातून कळतं. आप्पांना मात्र त्यातून बरंच काही जास्त कळतं. एकदा त्यांनी निदान केलं, "ब्रश झिजलेत." मुंबईहून कार्बन ब्रश मागवले, आले, मोटर उघडली. त्या जातीच्या एसी मोटरला ब्रश नसतातच. जरा वेळ शांतता. मग आप्पा म्हणाले, "बघा, एवढी प्रगती झाली." खराब होतं ते बेअरिंग. ते पुलरने काढायचं असतं. पुलर शेजाऱ्याकडे आणि शेजाऱ्याशी अबोला. म्हणून काढायला हातोडी आणि बसवायलाही हातोडी. त्यामुळे नवीन बेअरिंगला जन्मतःच मार बसला आणि आवाज परत आला. आप्पांच्या चेहऱ्यावर मला तेव्हा समाधानच दिसलं.

एका बाबतीत त्यांची शिस्त मानायला हवी. काम सुरू करण्याआधी अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी ओटीवर. मग बॅटरीचा मेन काढायचा आणि स्वस्थ बसून राहायचं, कारण मेन काढला तरी कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून असते. ती उतरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. या वेळात चहा होतो आणि टर्मिनलवर चढलेल्या कळंकाबद्दल व्याख्यान होतं. मुलं यालाच येतात.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून जाताना आप्पा हटकून गाडी हळू करतात. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकसुई बिघडेल अशी भीती पडली. म्हणून १९०४ साली चुंबकत्व मोजायचं काम अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत आलं. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. "विजेच्या गाडीला घाबरून ते इथवर आले आणि मी पण इथंच आलो," आप्पा खिडकीतून बघत म्हणतात. आपल्या व्हॅनने सुई हलत असावी, अशी त्यांना आशा आहे. वेगाचा विचार करता हलायचं कारण नाही.

गणपतीत पेणहून मूर्ती आणायला ही व्हॅन कुणी सांगत नाही. धूर नाही हे खरं, पण ते दोन पाटे. माथेरानला इतर मोटारी चालत नाहीत तरी २०२२ च्या डिसेंबरमध्ये ई-रिक्षा आल्या, हा दाखला आप्पा देतात. लोक मान हलवतात आणि मिनीडोर ठरवतात.

पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आदळलं, वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब झोपले. त्या अंधारात गावातले सगळे मोबाइल आप्पांच्या व्हॅनला लटकले होते. मुंबईतल्या पोरांना "आम्ही बरे आहोत" हे तिच्यामुळे कळलं. तेव्हाही ती जॅकवरच होती. चालणारी असती तर कुठेतरी गेली असती.

तुमच्या गावात असे आप्पा असतील तर त्यांच्याकडे मिक्सर, पंखा, पंप बिनदिक्कत द्या, पैसे घेत नाहीत. फक्त चांगल्या पोलादाची कुठलीही वस्तू उसनी देऊ नका. दिलीत तर तिला मूठ बसवून, धार लावून परत येईल.