संशयित संगणकाचे विलगीकरण : पुणेकर कुटुंबांसाठी शास्त्रोक्त विधी

घरातील एखादा संगणक संशयित ठरवून त्यास इतर उपकरणांपासून अलग ठेवणे, म्हणजेच त्याचे विलगीकरण करणे, हा प्रकार पुण्यास सर्वस्वी नवा नाही. १८९७ साली वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने माणसांवर तो सोजिरांकरवी राबवला, आणि झडत्यांच्या धास्तीने लोक घरचे आजारी माणूस दडवू लागल्यावर, घरच्यांच्या संमतीवाचून असा उपाय कितपत टिकतो, हेही त्याच वर्षी दिसून आले. संगणकाच्या बाबतीतही पहिला अडसर यंत्राचा नसून कुटुंबप्रमुखाचा असतो.

सदाशिव पेठेतील नमुनेदार संशयित विंडोज एक्सपीवर चालतो, ज्यातील सुरक्षेच्या त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या देणे निर्मात्यांनी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवले. तरीही तो भंगारात जात नाही, कारण त्यात श्रीलिपी ही मराठी टंकनाची प्रणाली आहे, तिचे कुलूप, म्हणजे जे खोचल्यावाचून ती चालत नाही ते उपकरण, मागच्या बाजूस खोचलेले आहे, आणि ज्ञातीच्या त्रैमासिकाचे सारे जुने अंक युनिकोडपूर्व टंकात असल्याने दुसऱ्या संगणकावर उघडताच निरर्थक रोमन अक्षरांची रांगोळी दिसते. नवा घेऊ, असे सुचवणाऱ्या चिरंजीवास ‘तुला काय कळतंय त्यातलं’ हे उत्तर ठरलेले असते.

आपल्याकडे चोरण्यासारखे आहे काय, हा पुढचा आक्षेप होय. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या किड्यास, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या उपद्रवी प्रोग्रॅमला, घर पारखण्याची वा कोणी काही उघडण्याची गरजच नव्हती. फाइलींची देवघेव ज्यातून चालते ते ४४५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे संगणकाचे एक क्रमांकित प्रवेशद्वार, दुरुस्ती न झालेल्या विंडोजवर उघडे सापडले की तो शेजारच्या यंत्रात शिरे. आणि जुन्या संगणकाच्या शेजारी, त्याच राउटरवर, पेन्शनची बँक ज्यात आहे तो मोबाइल असतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्याच कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरकाव होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले, ही आठवण करून दिल्यास ठेवीदार कुटुंबांत संमती लवकर मिळते.

आता प्रत्यक्ष विधी. राउटरवरील गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांना इंटरनेट देणारी पण घरातल्या उपकरणांपर्यंत पोचू न देणारी वायफायची वेगळी शाखा, सर्वांत सोपी. मात्र जुन्या यंत्रास वायफाय नसते आणि पुष्कळ राउटरांत ही सोय तारेच्या जोडणीस लागू होत नाही. तेव्हा दुसरा राउटर आणावा, आणि येथेच बहुतेकांची गफलत होते. संशयितास आतल्या राउटरमागे कोंडावे असे सहजबुद्धी सांगते, परंतु राउटर आतून बाहेर जाणाऱ्यास अडवत नाही, बाहेरून आपणहून आत येऊ पाहणाऱ्यास अडवतो. त्यामुळे आत कोंडलेला संगणक बाहेरच्या राउटरवरील कुटुंबापर्यंत खुशाल पोचतो. म्हणून क्रम उलटा हवा: संशयित बाहेरच्या, इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरवर, आणि सारे निरोगी कुटुंब आतल्या राउटरमागे. आपणच का आत बसायचे, हा ज्येष्ठांचा प्रश्न रास्त असला तरी त्यास तांत्रिक उत्तरच द्यावे. प्रिंटर बाहेर ठेवल्यास दोन्हीकडून छापता येते, मग तो संशयिताच्या संगतीत बिघडला तर बिघडला.

याहून निर्वाणीचा उपाय म्हणजे तारच उपटणे. त्रैमासिकास इंटरनेट लागत नाही. फाइल छापखान्यात न्यायला पेनड्राइव्ह लागतो, आणि खरी मेख तेथेच आहे. इराणमधील नातान्झच्या अणुकेंद्रातील यंत्रणा इंटरनेटपासून तोडलेली असतानाही २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट हा किडा तेथवर पोचला, आणि त्याच्या प्रसाराचे एक साधन पेनड्राइव्हच होते. छापखान्याच्या संगणकात तर दिवसभरात गावचे पेनड्राइव्ह येऊन जातात. सबब फाइल कोऱ्या सीडीवर उतरवून द्यावी, सीडी परत मागू नये, आणि संगणकाच्या पुढच्या बाजूस, यूएसबीच्या दोन्ही भोकांवर येईल अशा बेताने, पुढील पाटी चिकटवावी: ‘येथे काहीही खोचू नये. विचारून खोचतो, असेही म्हणू नये.’