काशी झाली!

डोंबिवलीचा हा गडी तारखा ठरवायला भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर बसला तेव्हा त्याचा हिशेब अगदी चोख होता. श्रावणात काशीला मरणाची गर्दी असते. श्रावण लागायला पंधरा दिवस अवकाश होता. म्हणजे आषाढ वद्यात जाऊन यायचं आणि गटारीच्या आत घरी. हा हिशेब फक्त महाराष्ट्रापुरता चोख होता.

आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. गुरुपौर्णिमा उलटली की दुसऱ्या दिवशी काशीत ‘सावन’ लागतो. आपला वद्य आषाढ म्हणजे त्यांच्या श्रावणाचा पहिला पंधरवडा. घरात हे आजीला माहीत होतं, पण सोलो ट्रिपचं नियोजन आजीला विचारून कोण करतं?

त्यामुळे महानगरी एक्स्प्रेसमधून तो कॅन्ट स्टेशनावर उतरला तो नेमका सावनच्या पहिल्या सोमवारी, पहाटे. पाठीवर ५५ लिटरची सॅक, तिला बाहेरून लटकवलेली चटई आणि पाण्याची बाटली. बाहेर भगव्या कपड्यांचा पूर लोटला होता. प्रयागहून गंगाजल घेऊन चालत आलेले कावडिये ‘बोल बम’ म्हणत निघाले होते. ई-रिक्षावाल्यानं त्याला गोदौलियाच्या बऱ्याच अलीकडे उतरवलं. पुढे वाहनं बंद. ‘‘आज क्या है?’’ या प्रश्नावर रिक्षावाल्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू दिवाळीच्या दिवशी एखाद्यानं आकाशकंदील कशाला लावलेत असं विचारावं.

खोली बारा वाजता मिळणार होती. तोवर दर्शन उरकून घेऊ, असं त्यानं ठरवलं. ‘उरकून’ हा शब्द विश्वनाथाच्या कानावर गेला असावा.

मंदिरात मोबाइल चालत नाही, बॅग चालत नाही. गल्लीतल्या दुकानांवर ‘फ्री लॉकर’ अशा पाट्या असतात. लॉकर फुकट, पण प्रसादाची टोपली विकत घ्यावी लागते. लॉकर होता शाळेच्या दप्तराएवढा. सॅक आडवी जाईना, उभी जाईना. दुकानदारानं आधी चटई काढली, मग स्लीपिंग बॅग, मग एकेक करत सगळंच. कपडे एका लॉकरात, चपला दुसऱ्यात, पॉवर बँक आणि मॅगीची पाकिटं तिसऱ्यात. तीन लॉकर झाले, म्हणून तीन टोपल्या आल्या. रिकामी सॅक खुंटीला टांगली. आयुष्यभर ‘कमी सामानात प्रवास’ या विषयावर मित्रांना व्याख्यानं देणारा हा माणूस दोन हातांत तीन टोपल्या सांभाळत रांगेत उभा राहिला.

पाच तासांनी गाभारा आला. गर्दीच्या या दिवसांत शिवलिंगाला हात लावता येत नाही, फक्त ‘झाँकी दर्शन’. दाराशी पात्र असतं, त्यात दूध-पाणी ओतायचं, ते पन्हळीतून आत पिंडीवर जातं. पहिली टोपली देईपर्यंत मागून ‘आगे बढ़िए’ झालं आणि उरलेल्या दोन टोपल्यांसह तो बाहेर पडला. हे मंदिर १७८० साली अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारलं, कळसाचं सोनं महाराजा रणजितसिंहांचं, हे त्यानं गाडीत वाचून ठेवलं होतं. कळस त्याला बाहेर आल्यावर आठवला.

दर्शन हुकलं तरी हरकत नव्हती, त्याचा खरा डोळा घाटांवर होता. पहाटेची नाव, ८४ घाटांची पायी फेरी, मणिकर्णिकेजवळचं कललेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ. फोटोंची यादीच केली होती. दशाश्वमेधला पोहोचला तर घाट नव्हता. म्हणजे होता, पण पाण्याखाली. काशीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर. पाणी त्याच्या बरंच खाली होतं, म्हणून बातम्यांत पुराचा उल्लेख नव्हता, पण पायऱ्या गिळायला एवढं पाणी लागतच नाही. नावा साखळीनं बांधलेल्या. घाटाघाटांमधली वाट बुडालेली. रत्नेश्वर महादेवही बराचसा पाण्यात. उरलेलं शिखर सरळ की वाकडं, हे लांबून ठरवता येईना.

शेजारचा शिंदे घाट १८३० साली बायजाबाई शिंद्यांनी बांधवला, भोसले घाट नागपूरकरांचा. मराठ्यांनी एवढा पैसा दगडांत ओतला आणि या एका मराठी माणसाला उभं राहायला पायरी मिळेना! संध्याकाळची आरती एका गच्चीवर हलवली होती. खालच्या गल्लीतून त्याला घंटा ऐकू आली आणि छत्र्या दिसल्या.

शेवटी जिभेचे लाड तरी करावेत म्हणून त्यानं मलइयो मागितलं. दुधाचा तो केशरी फेस दवात, थंडीतच होतो. ‘‘जाड़े में आइए,’’ दुकानदार म्हणाला आणि त्यानं कचौडी पुढे केली. कचौडी मात्र अप्रतिम होती, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलेलं आहे.

घरी आल्यावर आजीनं आधी गंगेचा गडू मागितला. तो विसरला होता. मग तिनं विचारलं, ‘‘बरं, काशीत काय सोडून आलास?’’ यात्रेकरू तिथे एखादं आवडतं फळ किंवा भाजी कायमची सोडतात. यानं बराच विचार केला. तिसऱ्या लॉकरातली पॉवर बँक.

आजी तरीही मावंदं घालायचं म्हणून अडून बसली. नातू काशीला जाऊन आला, ही गोष्ट गावाला जेवू घालण्याएवढी मोठी आहेच. पण पुरणपोळीचा बेत श्रावणात करायचं ठरलं. शेजाऱ्यांनी कोंबडीची ऑर्डर देऊन ठेवली होती आणि डोंबिवलीत अजून आषाढच चालू होता.