पिंग किती येतो?

सर्व्हरभाऊ लग्नाला आहेर घेऊन येत नाहीत, आयपी ॲड्रेस घेऊन येतात. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर रिसेप्शन होतं. भाऊ स्टेजवर चढले, नवरदेवाच्या हातात पाकिटाऐवजी एक चिठ्ठी कोंबली आणि फोटोग्राफर "इकडे बघा, इकडे" करत असताना त्याच्या कानात म्हणाले, "शनिवारी रात्री साडेनऊ. पासवर्ड मागच्या बाजूला आहे. आणि सासरच्या वायफायवरून पिंग किती येतो, तेवढं कळव."

तुमच्याही ओळखीत असा एक आहेच. चाळिशीच्या आसपासचा, अंबडच्या कुठल्याशा कंपनीत क्वालिटीला. स्कूटरच्या डिकीत पाना-पक्कड सापडणार नाही, पण क्रिम्पिंग टूल सापडेल. त्याने घरी सर्व्हर बसवलेला असतो. कशासाठी, तर मित्रांनी एकत्र गेम खेळावेत म्हणून. मित्र खेळत नाहीत ही गोष्ट वेगळी.

पिंग म्हणजे आपल्याकडून निघालेला निरोप समोरच्या मशीनला शिवून परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. तो मोजणारा छोटासा प्रोग्रॅम माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३ साली लिहिला. पुढे नाशिकमध्ये त्याने मिसळ मोजली जाईल हे बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. भाऊंबरोबर रविवारी मिसळ खायला जाणं ही शिक्षा आहे. ऑर्डर गेली की ते मोबाइलवर स्टॉपवॉच लावतात. "सात मिनिटं! मागच्या रविवारी चार होती. पिंग स्थिर नाही साहेब, याला जिटर म्हणतात." पोऱ्याकडे तीन पाव मागितले आणि दोनच आले, तर आपण "अरे, अजून एक दे" म्हणतो. भाऊ समाधानाने मान हलवतात, "पॅकेट लॉस."

हा माणूस घरातही असाच. मुलाला अभ्यासाला हाक मारली आणि तो चाळीस मिनिटांनी उठला, की चिडायचं सोडून वहिनींना आकडा सांगणार. मावशी वारल्याचं धुळ्याहून तिसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा सगळे गप्प बसले असताना हे हळूच म्हणाले, "आपल्या घराण्याचा पिंग फार वाढलाय." सगळ्यांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. पण त्यानंतर दोन आत्यांनी आपसात फोन नंबर घेतले, हेही खरं.

मशीन आलं ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेला झिऑन प्रोसेसरचा डबा, बारा कोर, बत्तीस जीबी रॅम. भाऊंनी तो संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मांडीवर घेऊन आणला. पासधारकांना पत्ते मांडायला सपाट जागा हवीच होती. कल्याणपासून इगतपुरीपर्यंत त्या डब्यावर रमी रंगली. सर्व्हरवर खेळला गेलेला तो पहिला मल्टिप्लेअर गेम. आणि पुढे बरेच दिवस, शेवटचा.

घरी आणल्यावर कळलं, की माइनक्राफ्टच्या सर्व्हरचं मुख्य काम एकाच कोरवर चालतं. सेकंदाला वीस वेळा तो सगळ्या जगाचा हिशेब करतो: कोण कुठे उभा आहे, कोणाची मेंढी कुठे गेली, कुठला ठोकळा फुटला. एका फेरीला पन्नास मिलिसेकंद. त्यापेक्षा जास्त वेळ लागला की जग अडखळायला लागतं. हे सगळं एक कोर ओढतो आणि उरलेले अकरा जवळपास बसून असतात. भाऊ हे हताशपणे सांगत होते. वहिनी कणीक मळता मळता म्हणाल्या, "म्हणजे आपल्या घरासारखंच की."

सर्व्हरला जागा मिळाली देव्हाऱ्याशेजारी, कारण फायबरची वायर आणि इन्व्हर्टरचा पॉइंट दोन्ही तिथेच. त्यामुळे आईंनी त्याला देवांमध्येच धरलंय. खंडेनवमीला झेंडूचा हार, हळदकुंकू, अक्षता. हळदकुंकू पुढच्या पंख्याने थेट आत ओढून घेतलं. भाऊंनी दुसऱ्या दिवशी ब्रशने मदरबोर्ड झाडला, पण पोरं अजून सांगतात की काकांच्या सर्व्हरचा वारा लाल येतो. साठ वॅट धरले तरी चोवीस तासांचे जवळपास दीड युनिट, महिन्याला त्रेचाळीस. वीजबिलावर युनिटांची पुढची पायरी चढली की वहिनी बिल देव्हाऱ्यात ठेवतात. "त्याच्यासमोरच ठेवते. खाणारा तोच आहे."

वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला लागणाऱ्या क्षणात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. म्हणून इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर हवं, हे ज्ञान भाऊंनी अख्ख्या बिल्डिंगला फुकट वाटलं. लोकांच्या घरी शिरून, इन्व्हर्टर भिंतीपासून ओढून बटण पाडून आले. "आता तुमच्या इन्व्हर्टरचा पिंग दहा," असं सांगून चहा न घेता पुढच्या दारात.

पण भाऊंच्या आयुष्यातली खरी लढाई पत्त्यासाठीची. इंटरनेटचे जुने, ३२ बिटांचे पत्ते जेमतेम ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. दरवर्षी त्या तारखेला भाऊंचा मेसेज येतो, "आज आयपीव्ही फोरची पुण्यतिथी." पत्ते कमी, म्हणून पुष्कळ कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरायला लावतात आणि आपल्या राउटरला शंभरच्या आकड्याने सुरू होणारा अंतर्गत पत्ता चिकटवतात. त्यातून आपण बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरच्याला आपल्या दारापर्यंत येता येत नाही. नवे, १२८ बिटांचे पत्ते मुबलक आहेत, पण खेळायला येणाऱ्याकडेही ते चालू हवेत ना. राउटरमध्ये पंचवीस हजार पाचशे पासष्ट नंबरचा पोर्ट तुम्ही कितीही उघडा, कंपनीच्याच दाराला कुलूप.

भाऊंनी कस्टमर केअरला फोन केला. पलीकडच्या मुलीने राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. भाऊंनी तिला आरंभापासून सगळं समजावलं, २०११ सकट. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. शेवटी जादा पैसे भरून त्यांनी कायमचा, स्वतःच्या मालकीसारखा पत्ता घेतलाच. याच गृहस्थांच्या आधार कार्डावर अजून पंचवटीतल्या जुन्या भाड्याच्या खोलीचा पत्ता आहे.

आता भाऊ भेटले की भूगोल शिकवतात. समुद्राखालच्या केबली वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात, डेटा सेंटरं ऐरोली-महापेला, आणि आपण तिथून घाट चढलं की लगेच. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. नाशिक ते मुंबई सरळ धरलं तर एक मिलिसेकंदही नको. "तुम्हाला मुंबईला पोचायला चार तास लागतात, कारण तुम्ही गाडीने जाता. कसारा घाटात प्रकाशाला ट्रॅफिक लागत नाही, साहेब." थंडीत निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की ते हळहळतात. एवढी फुकटची थंडी नुसती द्राक्षं तडकवण्यात वाया चालली आहे. डेटा सेंटर घामट नवी मुंबईत बांधण्यापेक्षा निफाडला बांधा, म्हणजे एसीचं बिल वाचेल आणि शेतकऱ्याला शेडचं भाडं मिळेल. ही योजना त्यांनी एका उमेदवाराला प्रचारफेरीत थांबवून ऐकवली. उमेदवाराने हात जोडले. भाऊंनी नोंद केली, "पिंग चांगला, पण उत्तर रिकामं."

इतकं सगळं करून मित्र मात्र "बघू" म्हणतात.

हे मित्र २००३-०४ सालचे. कॉलेज रोडवर तेव्हा सायबर कॅफे होते, तासाला वीस रुपये. दहा-बारा पोरं रांगेने बसून काउंटर स्ट्राइक खेळायची. सगळी मशीनं एकाच स्विचवर, म्हणजे पिंग जवळपास शून्य. कोणी मेला की पलीकडच्या खुर्चीतून शिवी कानावर यायची, तीही शून्य पिंगने. भाऊंकडे पैसे नसायचे. मालकाच्या वायरी जोडून द्यायच्या, बदल्यात एक तास मिळायचा. क्रिम्पिंग टूलची दोस्ती तेव्हापासूनची. ते मित्र आता पुण्यात, बंगळुरात, एक जर्मनीत, एक न्यू जर्सीत. शनिवार रात्री साडेनऊ ही वेळ भाऊंनी उगाच ठरवलेली नाही. इथे पोरं झोपायला गेलेली असतात, उन्हाळ्यात जर्मनीत तेव्हा संध्याकाळचे सहा आणि न्यू जर्सीत दुपारचे बारा. अमेरिकेत घड्याळं मागे-पुढे करण्याच्या तारखा या माणसाला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्क्या पाठ आहेत.

एकदाच हे सगळं जमलं होतं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळे घरात अडकले. रोज रात्री दहा-बारा जण आत. माइनक्राफ्टमध्ये त्यांनी मिळून तो जुना सायबर कॅफे उभा केला, खुर्च्या, काउंटर, मालकाचा टेबलफॅन, सगळा. बंगळुरूवाल्याने समोर चहाची टपरी टाकली. न्यू जर्सीवाला दोनशेच्या वर पिंग असूनही यायचा. दार उघडलं तर ते दुसऱ्याच क्षणी उघडायचं, तरी यायचा. बाहेर ॲम्ब्युलन्स वाजत असायच्या आणि आत ही चाळिशीला टेकलेली माणसं ठोकळ्यांवर ठोकळे रचत मास्तरांच्या नकला करायची. भाऊ तो काळ आठवून बोलतात तेव्हा आवाज खाली आणतात, कारण तेवढे वाईट दिवस आपले सर्वांत चांगले दिवस होते, असं चारचौघांत म्हणता येत नाही.

मग लॉकडाऊन उठला. ऑफिसं उघडली, मुलांच्या शाळा सुरू झाल्या, आणि आमंत्रणाला उत्तर यायला लागलं: बघू. आधी तासाभरात, मग दोन दिवसांनी, मग नुसता अंगठा. भाऊंनी त्याचाही तक्ता ठेवला आहे. मला दाखवून म्हणाले, "नेट सगळ्यांचं फायबर झालं. वेग दहापट झाला. पिंग मात्र वाढत चाललाय." मी त्यांची आतापर्यंत पुष्कळ थट्टा केली आहे, त्या वाक्याची करता आली नाही.

खरं सांगायचं तर भाऊ जे सांगतात ते चूक नाहीच. कंपनीचा सर्व्हर कंपनीच्या मर्जीवर चालतो. युबिसॉफ्टने 'द क्रू' या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर मार्च २०२४च्या अखेरीला बंद केले, तेव्हा पैसे मोजून विकत घेतलेला तो गेम लोकांच्या हातात निरुपयोगी झाला. त्यातून युरोपात चळवळ उभी राहिली, दहा लाखांवर सह्या झाल्या. पबजी मोबाइलवर आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, तेव्हा बिल्डिंगमधली पोरं दोन दिवस सुतकात होती. भाऊंचा सर्व्हर कुठल्या शेअरबाजाराला घाबरत नाही. त्याला बंद करू शकणाऱ्या जगात दोनच शक्ती: महावितरण आणि आई.

आणि पाहुणे येत नाहीत असंही नाही. सार्वजनिक पत्ता मिळाल्यापासून जगभरचे बॉट चोवीस तास येऊन सर्व्हरचं दार खटखटवतात. 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट', अशी नावं सांगतात, पासवर्ड चुकतात, जातात, पुन्हा येतात. गेमचा पासवर्ड वेगळा; मशीनच्या या दाराला भाऊंनी पासवर्डच ठेवलेला नाही, नुसती डिजिटल किल्ली, त्यामुळे धोका नाही. पण रोज सकाळी चहाबरोबर ते तो लॉग वाचतात. "रात्री ब्राझीलहून आला होता एक. व्हिएतनामचा तर रोजचाच." चोरच ते, पण वेळ पाळतात.

यंदाच्या मे महिन्याच्या सुट्टीत बिल्डिंगमधल्या चिल्लर पार्टीला सर्व्हरचा शोध लागला. त्यांच्याकडे मोबाइलवरचं माइनक्राफ्ट, भाऊंचा सर्व्हर कॉम्प्युटरवाल्यांचा. मधला पूल म्हणून गीझर नावाचा प्रोग्रॅम टाकावा लागतो. "गीझर चालू केलाय," असं भाऊंनी घरात जाहीर केलं आणि वहिनी टॉवेल घेऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सात पोरं आत. चौथ्या दिवशी त्यांनी सायबर कॅफे टीएनटी लावून उडवला. खुर्च्या, काउंटर, टेबलफॅन, टपरी, सगळं. त्या जागी स्विमिंग पूल आला, पुलाच्या मधोमध एक जिराफ.

रोज पहाटे तीनला बॅकअप होतो, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "भाऊ, एका कमांडमध्ये परत येईल की." ते म्हणाले, "येईल. पण मग पूल जाईल." आणि विषय बदलून जिराफाची मान किती ठोकळ्यांची आहे ते सांगू लागले.

शिस्त राहावी म्हणून त्यांनी चौथीतल्या एका पोराला ॲडमिन केलं. त्याने पदभार घेतल्या घेतल्या, नियम मोडल्याबद्दल, सर्व्हरभाऊंनाच बॅन केलं. भाऊ जिन्यात भेटले ते तोंडभर हसत. "साहेब, मला हाकललं! माझ्याच सर्व्हरवरून! विनापरवाना झाड तोडलं म्हणे." घरी बसल्या जागी एक ओळ टाइप करून त्यांना आत जाता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. ॲडमिनच्या घरी जाऊन, त्याच्या आजीसमोर, रीतसर माफी मागितली आणि पुन्हा प्रवेश द्यावा अशी विनंती केली.

ॲडमिन म्हणाला, बघू.