उणे तेरा

अमेरिकेत लेक टाहोच्या काठी ‘हाय सिएरा’ नावाचं एक हॉटेल होतं. हॉटेल कसलं, जुगाराचा अड्डाच. १९८५ च्या सुमारास कॉम्प्युटर कंपन्यांची काही माणसं तिथं जमली आणि सीडीवर फायली कशा मांडायच्या ते ठरवून उठली. त्या आराखड्याला त्यांनी हॉटेलचंच नाव दिलं. पुढे १९८८ मध्ये त्याची मुंज होऊन तो ‘आयएसओ ९६६०’ या सोवळ्या नावानं वावरू लागला. मग १९९५ साली सीडीवरून मशीन बूट कसं करायचं याचा तोडगा निघाला. तो कॅलिफोर्नियात अर्वाइनच्या ‘एल टोरिटो’ या मेक्सिकन खानावळीत सुचला म्हणतात, आणि म्हणून त्या तांत्रिक दस्तऐवजाचं नाव आजही ‘एल टोरिटो’ आहे. हीच माणसं डेक्कनवर बन-मस्का खात बसली असती, तर जगभरचे इंजिनिअर आज आपापल्या इमेजमध्ये ‘गुडलक’ नीट लागलंय का ते तपासत असते.

मला या खानावळींची नावं तोंडपाठ आहेत, कारण रात्रीची जेवणं आटोपली की मी रिस्क-फाइव्ह या नव्या प्रोसेसरसाठी डेबियन लिनक्सच्या इन्स्टॉलेशन इमेज बनवतो. पेन ड्राइव्हवर घालायची, मशीनला लावायची आणि ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची, ती फाइल. पैसे मिळत नाहीत. घरच्यांनी हे एव्हाना स्वीकारलंय. शेजारचा गृहस्थ रात्रभर रमी खेळतो, त्या मानानं आमचं बरं, असा घरातला एकूण सूर आहे.

रिस्क-फाइव्ह जन्मला २०१० मध्ये, बर्कलेच्या विद्यापीठात. मूळ संचात जेमतेम ४० सूचना, आणि तो वापरायला कुणाला परवाना शुल्क द्यावं लागत नाही. त्यामुळे ज्याला चिप काढायची हौस आहे त्यानं खुशाल काढावी. आपल्याकडे आयआयटी मद्रासनं ‘शक्ती’ काढला, सी-डॅकनं ‘वेगा’ काढला. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात असलं तरी वेगा घडला तिरुवनंतपुरमला, ही गोष्ट पुणेकर मंडळी चारचौघांत काढत नाहीत.

इतका नवा, इतका कोरा प्रोसेसर! कुणालाही वाटेल, याची इमेजही तशीच सुटसुटीत असणार. मागचं काही उष्टं-खरकटं नाही, जुन्या सवयी नाहीत. प्रत्यक्षात त्या फाइलमधला नव्याचा भाग मी कधीच जुळवून टाकतो. उरलेला सगळा वेळ जातो तो दिवंगत यंत्रांची बडदास्त ठेवण्यात.

इमेज हेक्स एडिटरमध्ये उघडली की सुरुवातीला ३२ किलोबाइट जागा आयएसओच्या नियमानं मोकळी सोडलेली असते. त्यापुढे ४३ ४४ ३० ३० ३१ असे पाच बाइट भेटतात. अक्षरांत वाचले तर ‘सीडी००१’. म्हणजे फाइल सांगते, मी सीडी आहे. पण ती तर पेन ड्राइव्हवर जायची! म्हणून त्या मोकळ्या जागेतच हार्ड डिस्कचंही सोंग भरायचं. पहिल्या ५१२ बाइटांच्या शेवटी ‘५५ एए’ ही जुन्या पीसीची खूण, तिच्या मागोमाग जीपीटी पद्धतीचा पार्टिशन तक्ता. एकच फाइल डावीकडून सीडी, उजवीकडून हार्ड डिस्क. आणि सीडी ड्राइव्ह लावलेला रिस्क-फाइव्ह बोर्ड आजवर मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. कुणी पाहिला असेल तर त्यानं कळवावं, मी दर्शनाला येईन.

बूट करण्याची आजची पद्धत म्हणजे ईएफआय. ती इंटेलनं मुळात इटॅनियम नावाच्या प्रोसेसरसाठी काढली. इटॅनियम जग जिंकणार होता. २०२१ मध्ये त्याची शेवटची खेप गेली आणि पुढे लिनक्सनंही ६.७ या आवृत्तीत त्याचं नाव काढून टाकलं. कर्ता गेला, पण त्यानं घालून दिलेल्या चालीरीती सगळ्या भाऊबंदांना अजून पाळाव्या लागतात. ईएफआयला स्वतःचं वेगळं पार्टिशन लागतं, तेही फॅट पद्धतीचं. फॅटचा जन्म १९७७ चा, आणि त्याच्या जुन्या शिस्तीत फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागे. इंटेल-एएमडीवाल्यांचं ‘बूटएक्स६४’ रोमन लिपीत सात अक्षरांचं, आर्मचं ‘बूटएए६४’ बरोबर आठ. आमचं ‘बूटरिस्कव्ही६४’ मोजलं तर अकरा! चालतं ते विंडोज ९५ नं लांब नावांची सोय करून ठेवली म्हणून. ज्या प्रोसेसरचा कुठल्याच कंपनीशी लागाबांधा नाही म्हणून आम्ही कॉलर ताठ करतो, त्याचं साधं नाव लिहायलाही मायक्रोसॉफ्टचे उपकार घ्यावे लागतात.

उपकार तिथंच संपत नाहीत. या सगळ्या व्यवहारातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट पुढे आहे. रिस्क-फाइव्हसाठी बनवलेल्या लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, फाइल उघडा आणि पहिले दोन बाइट पाहा: ४डी ५ए. अक्षरांत, ‘एमझेड’. हे एमझेड म्हणजे मार्क झ्बिकोव्स्की, मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर. डॉससाठी प्रोग्रामच्या फाइलींचा साचा त्यांनी घडवला आणि सुरुवातीलाच स्वतःची आद्याक्षरं ठोकून दिली. विंडोजनं तो साचा उचलला, ईएफआयनं विंडोजकडून घेतला. त्यामुळे ईएफआयच्या दारातून जाणाऱ्या प्रत्येक फाइलीच्या कपाळावर ही दोन अक्षरं लागतात. नाही तर आत प्रवेश नाही.

आता पेच असा, की हेच कर्नल ईएफआयला बगल देऊनही सुरू करता येतं. तेव्हा प्रोसेसर सरळ पहिल्या बाइटावर उडी मारतो आणि तिथं जे असेल ते सूचना समजून पाळायला लागतो. तिथं तर झ्बिकोव्स्की बसलेले! तेव्हा ही दोन अक्षरं रिस्क-फाइव्हच्या भाषेतली धड सूचनाही असायला हवीत. कुणीतरी मांडून पाहिलं असणार. १६ बिटांच्या सूचनांमध्ये ४डी ५ए चा अर्थ निघतो: ‘एस-चार या रजिस्टरमध्ये उणे तेरा ठेव.’

उणे तेराची कुणालाही गरज नाही. त्या रजिस्टरकडे पुढे त्या आकड्यासाठी कुणी ढुंकूनही बघत नाही. लगेच पुढची सूचना येते आणि खरं काम सुरू होतं. पण असं ईएफआयविना उठणारं रिस्क-फाइव्ह लिनक्स आपल्या आयुष्यातलं पहिलं कर्तव्य म्हणून मुकाट्यानं उणे तेरा लिहून ठेवतं. कर्नलच्या सोर्समध्ये तिथं एका ओळीची टीप आहे, तीही सरळ चेहऱ्यानं लिहिलेली. मला ती वाचताना दर वेळी हसू येतं आणि मग थोडी भीतीही वाटते. बारशाला आत्यानं वेगळं नाव सुचवलं असतं आणि त्या आद्याक्षरांतून ‘अमुक पत्त्यावर उडी मार’ असं निघालं असतं, तर केवढं त्रांगडं होऊन बसलं असतं!

कर्नलपर्यंत पोहोचण्याचा रस्ता म्हणजे तहसील कचेरीतला अर्ज. रॉममधला कोड उठतो आणि फाइल एसपीएल नावाच्या छोट्या प्रोग्रामकडे सरकवतो, तो ओपनएसबीआयकडे, तो यू-बूटकडे, तो ग्रबकडे. काम कुणीच करत नाही, सगळे ‘पुढील कार्यवाहीसाठी’ एवढंच करतात. ओपनएसबीआय तेवढा पद्धतशीर. जाताना ए-शून्य रजिस्टरमध्ये कोअरचा नंबर आणि ए-एकमध्ये डिव्हाइस ट्रीचा पत्ता ठेवून जातो. डिव्हाइस ट्री म्हणजे या बोर्डावर काय कुठं आहे याचा सातबारा. तो चुकीचा असला तर कर्नल उठतं, पण त्याला इथर्नेट सापडत नाही. हा ओपनएसबीआय पडद्यावर स्वतःचं नाव भल्या मोठ्या अक्षरांत छापतो. माझे सासरे बँकेतून निवृत्त झालेले, ते दिसलं की त्यांना उगाचच पेन्शनची आठवण होते.

पडदा म्हटलं खरं, पण पडदा कुठला! बोर्ड बोलतो तो तीन वायरींतून: ग्राउंड, जाणारी आणि येणारी, सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगानं. माझ्याकडच्या बोर्डाबरोबर आलेल्या पत्रकातला पिनांचा नकाशा आणि प्रत्यक्षातल्या पिना यांची कधी भेट झालेली नसावी. एकदा मी वायरी उलटसुलट करत असताना बायकोनं मागून विचारलं, “चालतंय का रे?”

“नाही. पण का चालत नाही ते कळलं.”

“मग बरं आहे,” ती म्हणाली आणि झोपायला गेली. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली की संवाद असेच सुटसुटीत होतात.

इमेजमध्ये घालायची पॅकेजेस हा आणखी एक वेगळाच गोंधळ. कंपायलर बनवायला कंपायलर लागतो, जावा बनवायला आधीची जावा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. २०२३ च्या जुलैत डेबियननं रिस्क-फाइव्हला अधिकृत म्हणून घरात घेतलं, तेव्हा भांडारात मोजकी पॅकेजेस ठेवून बाकीचा संसार नव्यानं मांडला. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं, ‘ट्रिक्सी’ नावाचं. ‘टॉय स्टोरी’तल्या खेळण्याचं नाव ते. त्याच आवृत्तीत १९८५ च्या ३८६ प्रोसेसरची वंशावळ सांगणाऱ्या ३२ बिटी पीसीचा इन्स्टॉलर बंद झाला. म्हातारा गेला, आणि त्याची ‘५५ एए’ मात्र माझ्या इमेजमध्ये अजून ठाण मांडून आहे.

परवाच्या रविवारी एक इमेज अगदी शेवटपर्यंत गेली. इन्स्टॉलरनं भाषा विचारली. तीन वायरींच्या कन्सोलवर देवनागरी उमटत नाही, त्यामुळे मुकाट्यानं इंग्रजी घेतली. देश विचारला, भारत सांगितला. वेळ गेला, चहा झाला, पुन्हा चहा झाला. मग बोर्ड आपला आपण सुरू झाला आणि लॉगिन मागू लागला. सासरे बाजूच्या खुर्चीत बसून होते. त्यांना काहीतरी करून दाखवावं म्हणून एक छोटं पॅकेज मागवलं. पेन ड्राइव्ह मी काढून ठेवला होता. त्यावर नव्या कोऱ्या सिस्टिमनं अदबीनं विनंती केली, की अमुक नावाची डिस्क ड्राइव्हमध्ये घालून एंटर दाबावं.

सासऱ्यांनी चष्मा वर करून ओळ वाचली.

“मग घाला की, जावईबापू! आमच्या कपाटात भावगीतांच्या पुष्कळ पडल्यात.”