राजपार्टी

पुनर्रचनेत माझी केबिन गेली, त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते तिच्या काचेचं. त्या काचेतून अख्ख्या मजल्याला मी कामात बुडालेला दिसायचो, आणि इतक्या नेमानं तसं दिसत राहणं हेही कामच होतं. दारावरची 'प्रमुख, माहिती तंत्रज्ञान' ही पितळी पाटी मी स्वतः ब्रासोनं घासायचो; शिपायाच्या हाताला ती चमक येत नसे.

आता मी 'लेबल सेवा' नावाच्या चमूत बसतो. शेजारी पॅकिंगची सुपरवायझर, पलीकडे गुणवत्तावाला, आणि एक कोड लिहिणारा पोरगा, जो हल्ली मला 'सर' म्हणायचं विसरतो.

तुयेच्या वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात पूर्वी तीन विभाग होते: हार्डवेअर, सॉफ्टवेअर, नेटवर्क. पॅकिंगवरची बाय फोन करायची, "सर, लेबल येना." हार्डवेअरवाले प्रिंटर तपासून तिकीट बंद करायचे. मग सॉफ्टवेअरवाले बंद करायचे, मग नेटवर्कवाले. महिनाअखेर तिघांचे आकडे झकास, आणि लेबल येना ते येनाच.

मेल्विन कॉनवे नावाच्या गृहस्थानं हे 1968 सालीच लिहून ठेवलंय: माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशीच त्यांच्या हातची यंत्रणा घडते. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'नं त्याचा लेख सिद्धता नाही म्हणून परत केला. शेवटी 'डेटामेशन'नं छापला. सिद्धता आमच्याकडे पडून होती. विभाग तीन, म्हणून एका लेबलाला पासवर्ड तीन.

पुण्याहून आलेल्या सल्लागारानं स्वीडनच्या स्पॉटिफायचा 2012 चा नकाशा पडद्यावर लावला. प्रत्येक सेवेला छोटा चमू, चमूत सगळ्या कसबांची माणसं. मी म्हटलं, अहो, हे आमच्या पेडण्यात देवळासमोर रात्रभर चालतं. आणि मग मला कोणी थांबवू शकलं नाही.

दशावतारी मंडळी पेटारा घेऊन येतात. रंगभूषा विभाग नाही. ज्याचा चेहरा त्यानंच आरशात बघून रंगवायचा. लेखन विभाग नाही. आज आख्यान कुठलं आणि कोण काय करणार एवढं ठरलं की संवाद रंगमंचावरच सुचतात. एकाचं वाक्य लांबलं तर हार्मोनियम आणि पखवाजवाले सांभाळून घेतात. पाठांतरच नाही, त्यामुळे "हे माझ्या वहीत नाही" असं म्हणायची सोय नाही. आणि स्त्रीपार्टी! मिशा काढून, नऊवारी नेसून आलेला तो गडी रडायला लागला की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावतात. त्यातली एक माझी आजी असे. सल्लागार घड्याळाकडे बघत होता. मी तोवर संकासुरापर्यंत पोचलो होतो.

मनातल्या मनात नोकरीभर मी राजपार्टी होतो, मुकुटवाला. नव्या वाटणीत माझ्या वाट्याला संकासुर आला. त्यानं आख्यानाआधी यायचं, चार विनोद करायचे, वेद पळवायचे, विष्णूच्या हातून मरायचं. पुढची रात्र इतरांची.

पण लेबल येऊ लागलं, हे कबूल करायलाच हवं. पॅकिंगवरची बाय आता फोन करत नाही. मान वळवून बोलते. तिला आम्ही वर्षानुवर्षं तीन दारं फिरवलं आणि त्याला कार्यपद्धती म्हणत राहिलो, हे आठवलं की ब्रासोचा वास नकोसा होतो.

राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. आमचा नेटवर्कवाला डिचोलीहून मोटारसायकलनं येतो. भिंतीतली कुठली तार कुठे जाते, हे फक्त त्याला ठाऊक. ती टाकताना छतात सरपटत गेलेला तोच. नकाशावर सगळ्या चौकोनांतून त्याच्याकडे बाण जातात, त्याला स्वतःचा चौकोन नाही. 'सामायिक,' सल्लागार म्हणाला. म्हणजे रात्री फोन सगळ्या चमूंचे, आणि वार्षिक मूल्यमापनात कौतुक कुठल्याच चमूचं नाही. पूर्वी निदान माझ्या काचेसमोर उभा राहून तो मला शिव्या देऊ शकत होता.

त्याच्या हाताखाली एक माणूस द्या, असा अर्ज मी केला. चमूनं एकमतानं सही केली, कोडवाल्या पोरानंही. अर्ज सध्या वित्त विभागात आहे. तिथे अजून पुनर्रचना झालेली नाही.