स्थितप्रज्ञ, हँडिकॅप २४

भाऊसाहेबांना 'आज किती झाले?' असं विचारायचं नसतं. विचारलंच, तर ते टोपी काढतात, टक्कल पुसतात आणि म्हणतात, "आज आतून फार शांत होतं." याचा अर्थ गोल्फचे फटके शंभराच्या वर गेले. "थोडी चलबिचल जाणवली" म्हणजे पंच्याण्णवच्या आसपास. आणि ज्या दिवशी कुणी न विचारता ते स्वतः फोन करून आकडा सांगतात, त्या दिवशी नव्वदच्या आत आलेले असतात. त्या फोनमध्ये अध्यात्माचा शब्दही नसतो.

भाऊसाहेब हे कुणा एकाचं नाव नव्हे. पाटबंधारे, बांधकाम, वनखातं, कुठूनही निवृत्त झालेले, सिव्हिल लाइन्सचा सरकारी बंगला सोडून धरमपेठेत नाहीतर रामदासपेठेत तिसऱ्या मजल्यावर आलेले भाऊसाहेब नागपुरात पुष्कळ सापडतील. मी ज्यांच्यासोबत खेळतो ते पाटबंधाऱ्यातले. साठीला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर नुसतं चालणं त्यांना पटेना. अधीक्षक अभियंता विनाकारण चालत नसतो, तो पाहणीला जातो. गोल्फमध्ये पाहणी आहे, मागून सामान घेऊन येणारा माणूस आहे आणि बिघडलेल्या कामाची जबाबदारी दुसऱ्यावर टाकायला अठरा जागा आहेत. ते रमले. पहिली दोन वर्षं त्यांनी खेळ सुधारण्याचा प्रयत्न केला. मग अध्यात्माकडे वळले.

दोष सगळा त्यांचाच आहे असं नाही. क्रिकेटचा चेंडू अंगावर येतो, विचाराला सवड देत नाही. गोल्फचा चेंडू गवतात बसून असतो. वजन फार तर ४५.९३ ग्रॅम. हलत नाही, घाई करत नाही, तुमचं मन कुठे कुठे जाऊन येतं ते बघत राहतो. एका फटक्याला दोन सेकंद धरले तर शंभर फटक्यांची साडेतीन मिनिटंसुद्धा होत नाहीत, आणि फेरी चालते चार तास. उरलेल्या वेळात मनाने करायचं काय? समर्थांना मनाची समजूत काढायला २०५ श्लोक लागले, आणि त्यांच्या हातात पटर नव्हता. बॉबी जोन्ससारख्या माणसाने १९३० साली एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धा खेळणंच सोडलं. स्पर्धेच्या दिवसांत ताणाने त्याचं वजन उतरायचं. भाऊसाहेब याला वैराग्य म्हणतात.

त्यांचा सिद्धान्त असा, की स्कॉटलंडने फक्त काठ्या पुरवल्या, विचार आपला. याला त्यांच्याकडे पुरावे आहेत, आणि पंचाईत अशी की पुरावे खरे आहेत. मायकेल मर्फी नावाचा अमेरिकन पन्नाशीच्या दशकात पुदुच्चेरीला अरविंदाश्रमात राहून गेला आणि १९७२ साली त्याने 'गोल्फ इन द किंगडम' हे पुस्तक लिहिलं. त्यात एक स्कॉटिश गोल्फगुरू ध्यानधारणेच्या गोष्टी सांगतो. स्टीव्हन प्रेसफील्डची १९९५ सालची 'द लेजंड ऑफ बॅगर व्हान्स' ही कादंबरी तर उघडउघड गीतेवर बेतलेली आहे. महायुद्धातून मोडून आलेला एक खेळाडू खेळायला नकार देतो आणि त्याचा कॅडी त्याला उभं करतो. खेळाडूचं नाव आर. जुना, म्हणजे अर्जुन. कॅडी बॅगर व्हान्स, म्हणजे भगवान. २००० साली त्यावर रॉबर्ट रेडफर्डने सिनेमा काढला. भाऊसाहेबांनी तो अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी पहिल्या अर्ध्या तासात "बघा, हा विषादयोग चाललाय" असं सांगून वहिनींना झोपू दिलेलं नाही.

त्यांचा स्वतःचा शोध याहून मोठा आहे. गीतेचे अध्याय अठरा, गोल्फची होल्स अठरा. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी १९३२ साली दिलेली प्रवचनं अठरा. 'गीता-प्रवचने'ची एक प्रत भाऊसाहेबांच्या गोल्फच्या बॅगेत पाण्याच्या बाटलीशेजारी असते, त्यामुळे तिचा भक्तियोग कायमचा ओला आहे. मी एकदा सांगितलं, की सेंट अँड्र्यूजला आधी फेरीची बावीस होल्स होती, ती १७६४ साली अठरा केली. भाऊसाहेबांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, "चार प्रक्षिप्त असतील."

आता मूळ मुद्दा. भाऊसाहेब लबाड नाहीत. गोल्फमध्ये मागे पंच फिरत नसतो, आपले फटके आपणच मोजायचे असतात. झुडपात कुणी बघत नसताना चेंडू बुटाच्या टोकाने दोन इंच सरकवणारे भले भले मी पाहिले आहेत. भाऊसाहेब तसं कधी करणार नाहीत. सातला सातच लिहितील. आयुष्यभर खात्यात आकडे जुळवून घेतल्यावर आता त्यांना खऱ्या आकड्याची चैन परवडते. त्यांची सगळी कारागिरी शेऱ्याच्या रकान्यात आहे.

तिथे कर्तेपणाची वाटणी होते. ड्राइव्ह सरळ दोनशे यार्ड गेला, की ते खांदा फिरवून सांगतात, "डावा हात सरळ ठेवला मी." तोच बाभळीत गेला, की दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक. आपला अधिकार कर्मावर, बाभूळ त्याची. टिटवी हा तर स्वतंत्र विषय. उन्हाळ्यात त्या मैदानावरच अंडी घालतात आणि माणूस जवळ आला की आकांत करतात. भाऊसाहेबांचा बॅकस्विंग नेमका त्यांच्या आकांताच्या वेळी सुरू होतो. चेंडू टोपावला तर ती टिटवी प्रारब्ध. चांगला गेला तर टिटवी ओरडलीच नव्हती, मी विचारलं तरी नव्हती. सहा वर्षांच्या या हिशेबात ईश्वराच्या नावावर किती पाण्यात गेलेले चेंडू जमा झाले असतील याचा विचार केला की मला त्या ईश्वराची काळजी वाटते.

खरा भगवान बॅग घेऊन मागे उभा असतो. मैदानाला लागून असलेल्या वस्तीतला आहे, लहानपणी हरवलेले चेंडू शोधून विकायचा. सुट्टीच्या दिवशी मागून आणलेल्या तीन काठ्यांनी तो जे खेळतो ते भाऊसाहेबांना चौदा काठ्यांनी जमलेलं नाही. प्रेसफील्डची कादंबरी त्याने वाचलेली नाही. तो म्हणतो, "साहेब, तुमी डोकं वर करून राहिले."

"बाबू, सहाव्या अध्यायात हेच सांगितलंय. दृष्टी नासिकाग्रावर."

"नाकाकडं नाही जी. बॉलकडं. बॉल गेल्यावरबी तिथंच पाहा. पडल्याचा आवाज कानानं ऐका."

कॅलगरी विद्यापीठातल्या जोन व्हिकर्स यांनी १९९२ साली नेमकं हेच मोजलं होतं. चांगले खेळाडू पट, म्हणजे होलकडे चेंडू ढकलायचा फटका, मारताना नजर चेंडूवर जास्त वेळ स्थिर ठेवतात, आणि चेंडू निघून गेल्यावरही ती क्षणभर त्याच जागी राहते. याला त्यांनी 'क्वाएट आय' असं नाव दिलं. भाऊसाहेबांनी हे वाचल्यावर व्हिकर्सबाईंबद्दल त्यांना अतोनात आदर वाटू लागला. कॅडीबद्दलचा आदर आहे तेवढाच आहे. गीतेत सारथ्याला फेरीमागे किती द्यायचे हे कुठे सांगितलेलं नाही, त्यामुळे तो प्रश्न दर आठवड्याला नव्याने निघतो.

मध्यंतरी ते विपश्यनेला गेले. अनिर्बान लाहिरी विपश्यना करतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. लाहिरीचा जन्म पुण्याचा, आणि पुण्याच्या माणसाला जे जमतं ते नागपूरच्या माणसाला जमलंच पाहिजे असं त्यांचं एक जुनं मत आहे. नागपूरजवळ माहुरझरीला धम्म नाग केंद्र आहे. दहा दिवस मौन, फोन नाही, पुस्तक नाही, पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. मला वाटलं होतं चौथ्या दिवशी येतील. पण भाऊसाहेबांनी शिबिर पुरं केलं, हे त्यांच्या पदरात टाकलंच पाहिजे. दहाव्या दिवशी मौन सुटतं. लोक घरी फोन करतात, काहींच्या डोळ्यांत पाणी असतं. भाऊसाहेबांनी मला फोन केला. म्हणाले, "सातव्या दिवशी लख्ख दिसलं. ग्रिपमध्ये माझा डावा अंगठा फार पुढे जातो."

वहिनी त्यांच्या आधी दोन वर्षं तिथे जाऊन आल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नव्हत्या.

अंगठा मागे घेतला, आणि महिनाभरात भाऊसाहेबांना यिप्स लागले. तीन फुटांचा पट, डोळे मिटून जाईल असा, आणि ऐन वेळी मनगट आपल्या मनाने झटका देतं. 'यिप्स' हा शब्द टॉमी आर्मर या जुन्या खेळाडूचा म्हणतात. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी यावर काम केलंय. काहींच्या बाबतीत तो स्नायूंच्या नियंत्रणाचा विकार असतो, काहींच्या बाबतीत निव्वळ धास्ती. भाऊसाहेबांना दोन्ही निदानं मान्य नाहीत. साधना वाढली की विघ्नं वाढतात, हे त्यांचं निदान. होलचा व्यास सव्वाचार इंच. उभी हयात धरणांच्या दरवाज्यांत घालवलेला माणूस त्या सव्वाचार इंचांसमोर घामाघूम उभा राहिलेला पाहिला की मला हसू येत नाही. म्हणजे, तिथल्या तिथे येत नाही.

मग मे महिन्यात ते घडलं. आम्ही साडेपाचला सुरू केलं होतं. नऊच्या आत परतायचं, पुढे पारा ४५ च्या दिशेने निघतो. सातव्या ग्रीनवर त्यांचा फोन वाजला. मैदानात फोन आणणाऱ्यांना ते एरवी असुर म्हणतात, पण घरचा कूलर रात्रीपासून बंद होता आणि मे महिन्यात नागपुरात कूलरवाल्याचा फोन उचलायचा नाही इतकं वैराग्य अजून कुणाला आलेलं नाही. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये. "अरे, पंप नाही, पाणी चढतंय ना. मोटर बघ. आणि वाळा बदलून टाक सगळा, वास येतोय." हे बोलता बोलता त्यांनी एका हाताने, रस्ता मोकळा करावा तसा, चेंडू ढकलला. वीस फूट असेल. चेंडू थोडा डावीकडे गेला, वळला आणि टप्पकन आत पडला.

कॅडीने माझ्याकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी फोन ठेवला आणि होलमध्ये वाकून पाहिलं.

"हे मी नाही केलं," ते म्हणाले.

"अहो, भाऊसाहेब, हेच तर तुम्ही सांगता. अहंकार नाही, फळाची आशा नाही."

"पण मला कळलंच नाही ना!" ते जवळजवळ ओरडले. "एवढा मोठा पट, आणि तो अनुभवायला मी तिथे नव्हतो!"

त्या दिवशी ते गाडीत एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या रविवारपासून मात्र प्रत्येक ग्रीनवर ते कूलरवाल्याला फोन लावू लागले. पंपाबद्दल, जाळीबद्दल, टाकीच्या गंजाबद्दल तपशिलात विचारायचे आणि एक डोळा होलवर ठेवून चेंडू ढकलायचे. एकही गेला नाही. कूलरवाला सज्जन माणूस. दोन रविवार त्याने उत्तरं दिली. तिसऱ्या रविवारी त्याला वाटलं साहेबांच्या घरी काहीतरी मोठीच भानगड झाली आहे. वहिनींना विचारून तो पान्यांची पिशवी घेऊन थेट सातव्या ग्रीनवर आला. भाऊसाहेब तेव्हा कानाला फोन लावून चार फुटांवर वाकले होते, आणि ती रिंग त्याच्याच खिशात वाजत होती.

"साहेब, घरी जाऊन आलो," तो म्हणाला. "कूलर तर मस्त चालून राहिला. मग बिघडलं काय?"

कॅडीने झेंडा या हातातून त्या हातात घेतला.

"डोकं वर करून राहिले जी," तो म्हणाला.