डबा त्यांचा, काळजी आपली?

ब्रॉडबँडची जोडणी द्यायला आलेला मुलगा घाईत असतो. त्याला अजून चार घरं उरकायची असतात. भिंतीला भोक पाडतो, फायबर ओढतो, राउटर लावतो आणि विचारतो, ‘पासवर्ड काय ठेवू? मोबाइल नंबरच ठेवतो, लक्षात राहील.’

राहतो लक्षात. सगळ्यांच्याच.

तुमचा नंबर किराणावाल्याकडे आहे, कुरिअरवाल्याकडे आहे आणि गेटवरच्या वहीतही आहे. त्या वहीत फ्लॅट नंबरही असतो. वायफायला नाव फ्लॅट नंबरचंच दिलं असेल, तर शोधायला काही उरलंच नाही.

पण वायफायचा पासवर्ड निदान विचारला तरी जातो. राउटरला आणखी एक पासवर्ड असतो, त्याच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. तो कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. कित्येक घरांत तो कारखान्यातून आला तसाच आहे. नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन.

त्याने काय बिघडतं? जुलै 2017 मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांना कळलं. कारखान्यातला पासवर्ड न बदललेल्या मोडेममध्ये मालवेअर घुसलं आणि कर्नाटकात हजारो मोडेम बंद पडले. मग कंपनीने सल्ला दिला, पासवर्ड बदला.

सल्ला योग्यच. पण तो मोडेम हातात देतानाचा आहे, मोडेम मेल्यानंतरचा नव्हे.

आणि तेव्हा हे काही नवीन राहिलं नव्हतं. 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने जगभरचे राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते. त्यासाठी काही अचाट बुद्धी लागली नाही. कारखान्यात ठरलेल्या साठेक नाव-पासवर्डांची यादी पुरली. त्या ऑक्टोबरमध्ये याच उपकरणांच्या फौजेने वेबसाइटचे पत्ते सांभाळणाऱ्या डाइन या कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अडखळल्या. ज्यांच्या घरातून हा मारा चालला होता, त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता.

पुढच्याच महिन्यात जर्मनी. डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. कंपनीला दुरून राउटर दुरुस्त करता यावा म्हणून जी सोय असते, तिच्यावरच हा हल्ला आदळला होता. इथे ग्राहकाने पंचवीस अक्षरी पासवर्ड ठेवला असता तरी काय फरक पडला असता?

काहीच नाही.

म्हणून ‘ग्राहकांनी सावध राहावं’ हे वाक्य ऐकलं की चीड येते. डबा कंपनी निवडते. त्यातलं सॉफ्टवेअर कंपनी ठरवते. दुरून त्यात शिरायची वाट कंपनीकडे असते. अनेकदा डबाही कंपनीच्याच मालकीचा असतो, जोडणी सोडली की परत मागतात. परत नेताना मालक कंपनी आणि हॅक झाल्यावर मालक आपण, हा कुठला न्याय?

बिल्डरने शंभर फ्लॅटना एकाच किल्लीची कुलपं बसवली, तर सोसायटी त्याला सोडेल का? ‘कुलूप बदलून घ्यायची जबाबदारी तुमची’ असं त्याने म्हणून तरी पाहावं.

ब्रिटनने हे समजून घेतलं. 29 एप्रिल 2024 पासून तिथे सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन राउटर किंवा कॅमेरा विकता येत नाही. सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळतील, हेही विकतानाच सांगावं लागतं. कायद्याचा रोख बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. ग्राहकाला उपदेश करून तो थांबलेला नाही.

आपल्याकडेही दूरसंचार उपकरणांची सक्तीची चाचणी आहे. एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांनाही सुरक्षेची चाचणी लागू झाली. चांगलंच झालं. पण हे झालं नव्या मालाचं. टीव्हीमागे पाच-सात वर्षं धूळ खात पडलेल्या डब्याचं काय? तो बदलून द्या, असं कंपनीला कोण सांगणार?

तोवर आपल्या हातात जे आहे, ते करायलाच हवं. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड बदला. बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद करा. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 वर आहे ना, बघून घ्या. जमत नसेल तर जोडणीवाल्याला परत बोलवा आणि समोर बसून करून घ्या. महिन्याचं बिल आपण फुकट भरत नाही.

आता मोबाइल. इथे तर जास्त जीव अडकलेला आहे.

घरात नवा फोन येतो तो मुलाला किंवा सुनेला. त्यांचा जुना फोन जातो आईकडे. ‘आईला काय, फोन आणि व्हॉट्सॲप एवढंच तर लागतं.’ एवढंच? पेन्शन त्याच नंबरवर. एफडी त्याच नंबरवर. गॅस, आधार, डीमॅट, सगळ्याचे ओटीपी त्याच फोनवर. ज्या फोनचे सुरक्षा अपडेट कधीच थांबले, तो फोन घरात सगळ्यात जास्त ठेवी असलेल्या माणसाच्या हातात.

गूगल आणि सॅमसंग आता काही महागड्या फोनना सात वर्षं अपडेट द्यायचं म्हणतात. स्वस्त फोनना त्यातलं किती मिळतं? दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे दहा वेळा विचारणारे आपण, अपडेट किती वर्षं हे एकदाही विचारत नाही. विचारलं तरी काउंटरवरच्या पोराला ते माहीत नसतं.

अशा फोनवर मग निरोप येतो. लग्नाची पत्रिका आहे, उघडा. आरटीओचं चलान आहे, उघडा. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके. पत्रिकेला एपीके कशाला लागतं? पत्रिका चित्रात येते, पीडीएफमध्ये येते. एपीके म्हणजे फोनमध्ये नवं ॲप बसवणं, आणि ते ॲप पहिली परवानगी मागतं तुमचे एसएमएस वाचायची.

ओटीपी कोणाला सांगू नका, हे आईने तंतोतंत पाळलेलं असतं. तिने कोणालाच सांगितला नाही. ॲपने स्वतःच वाचला.

मग आईला बेसावध म्हणायचं?

निरोपांचंही तसंच. 2022 मध्ये महावितरणच्या नावाने राज्यभर मेसेज फिरले, ‘आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा.’ नंबर साधा दहा आकडी. महावितरणने वारंवार सांगितलं की खासगी नंबरवरून असे मेसेज आम्ही पाठवत नाही. आता निदान एक खूण आहे. मे 2025 पासून कंपन्यांच्या, बँकांच्या एसएमएसच्या नावामागे एक अक्षर असतं. जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी निरोपाला जी. खूण चांगली, पण तिची माहिती किती जणांपर्यंत पोचली? रिचार्ज संपायच्या चार दिवस आधीपासून रोज आठवण देणाऱ्या कंपन्यांना ही चार अक्षरं एका मेसेजमध्ये सांगणं अवघड आहे का?

कुरिअरवाला म्हणून फोन येतो. ‘पार्सल अडकलंय, स्टार चारशे एक दाबून हा नंबर लावा.’ लावलात की तुमचे फोन त्याच्याकडे वळले. बँकेचा ओटीपी फोनवर सांगणारा कॉलसुद्धा. एप्रिल 2024 मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना असे कोड लावून कॉल वळवण्याची सोय बंद करायला सांगितलं. तरीही आपल्या फोनवर स्टार हॅश एकवीस हॅश लावून बघा, कॉल कुठे वळवलेत का ते कळतं. वळवलेले असतील तर हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅश. सगळं रद्द.

आणि सगळ्यात वाईट प्रकार, ज्यात आपण काहीच दाबलेलं नसतं.

फोनची रेंज जाते. आपण म्हणतो, टॉवर गेला असेल. तास होतो, दोन तास होतात. शेजारच्याला त्याच कंपनीची रेंज आहे. तोवर आपल्या नंबरचं नवं सिम दुसऱ्याच्या फोनमध्ये चालू झालेलं असतं. हे सिम दिलं कोणी? आपण नाही. कंपनीच्या यंत्रणेतूनच ते निघालं, कोणाच्या तरी कागदावर, कोणाच्या तरी अंगठ्यावर.

नियम सुधारलेत, हे खरं. नव्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात. 1 जुलै 2024 पासून सिम बदललं की सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. पण हे 24 तास उपयोगी पडायचे तर रेंज गेल्यावर पहिल्या तासातच दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारायला हवं. वाट बघायची नाही.

आपल्या नावावर किती सिम आहेत, माहीत आहे? मर्यादा नऊ. संचार साथी या सरकारी पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की यादी दिसते. अनोळखी नंबर दिसला तर ‘हा माझा नाही’ असं तिथेच नोंदवता येतं. चांगली सोय आहे. पण नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस सरकारने तिचं ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच बसवण्याचा आदेश काढला, ते पटलं नाही. ओरड झाली, 3 डिसेंबरला आदेश मागे घेतला, हे योग्य झालं. लोकांच्या फोनमध्ये न विचारता शिरायचं आणि त्यालाच सुरक्षा म्हणायचं, हे सरकारनेही करू नये.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन, लगेच. मग बँकेला. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं होतं की चूक ना ग्राहकाची ना बँकेची, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड ग्राहकावर नाही. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवर. काउंटरवरचा माणूस हे आपणहून सांगेल याची वाट बघू नका.

आणि सिम बदलून पैसे गेले असतील, तर बँकेवर थांबू नका. मोबाइल कंपनीलाही लेखी पत्र द्या. नवं सिम कोणत्या दुकानातून दिलं, किती वाजता दिलं, कोणत्या ओळखपत्रावर दिलं, हे विचारा. नोंद त्यांच्याकडेच असते. पत्राची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट.